विहिरीचा फोन आलाय

रात्रीचे सव्वाबारा. निफाड तालुक्यातल्या या वस्तीवर फोन वाजतो. स्क्रीनवर नाव येतं, ‘विहीर’. थोरला मुलगा अर्धवट झोपेत कॉल घेतो, एक बटण दाबतो. तिकडे अर्ध्या किलोमीटरवर मोटर सुरू होते.

विहिरीवर स्टार्टरशेजारी एक पेटी बसवलीय. तिच्यात सिम कार्ड आहे. तीन फेज लाइट आली की पेटी घरी कॉल करते. एखादा फेज गेला किंवा विहिरीतलं पाणी तळाला गेलं, तर मोटर बंद करते आणि तेही कळवते. शेतीची लाइट पाळीपाळीने यायची. दिवसाची पाळी असली तर आठ तास, रात्रीची असली तर दहा. रात्रपाळीला बॅटरी घेऊन बांधावरून जावं लागायचं. हा गोदाकाठचा भाग, आणि उसात बिबट्या. पेटी घेतली ती त्याच्या धाकाने, सोयबिय नंतरची. कांद्याला बारं द्यायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, मात्र अजून माणूसच लागतो.

सकाळी घरातले बाकीचे फोन कामाला लागतात. आजोबांच्या बंडीच्या खिशात बटणाचा फोन असतो. मागचं झाकण सैल, म्हणून रबर गुंडाळलंय. तो चिखलात पडतो, फवाऱ्याने ओला होतो, दोन दोन दिवस चार्जिंग मागत नाही. मुलाचा स्मार्टफोन औषध मारताना गाडीच्या डिकीत पडून असतो. त्यामुळे मुलाशी काम असलेला माणूसही आजोबांनाच फोन लावतो.

लासलगावच्या बाजार समितीतला कांद्याचा भाव मुलाच्या ग्रुपवर येतो: किमान, कमाल, सरासरी. पण तो लिलाव उरकल्यावर. आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या गाडीला आत्ता काय पुकारलं, हे विचारायला रांगेत उभ्या आजोबांचा बटणाचा फोनच लागतो. स्मार्टफोनपेक्षा ताजी बातमी त्यावर मिळते, हे आम्हालाही इथे येईपर्यंत सुचलं नव्हतं.

सूनबाईंच्या फोनवर सरकारी कामं. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर आली. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची, गटात उभं राहून फोटो काढायचा. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद चालते, म्हणून भाऊबंदांचे सातबारेही यांच्याच फोनमध्ये आलेत. कुणाचा गट कुठवर, कुठल्या बांधावरून वाद आहे, घरात सगळ्यात नेमकं आता त्यांना ठाऊक.

गाडी अडते ती ओटीपीला. आधारला जोडलेला नंबर आजोबांचा. पीएम-किसानची ई-केवायसी सूनबाईंच्या फोनवर उघडलीय, आकडे जातात शेतातल्या बंडीच्या खिशात.

“मामा, मेसेज आला का?”

“आला असंल. आधी फोन ठेव, मंग पाहतो.”

फोन ठेवला जातो. आजोबा चष्मा शोधतात, तो घरी राहिलाय. कांदे खुडणाऱ्या बाईंचा शाळकरी मुलगा आकडे वाचून दाखवतो. तोवर मुदत संपलेली. पुन्हा पाठवा.

आता रिचार्ज. तीन फोन आणि एक पेटी, म्हणजे चार सिम. पेटीला नेट काय करायचंय? पण नेटसकटचा पॅक घ्यावा लागायचा, आजोबांच्या फोनलाही तोच. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक ठेवायला सांगितलं. या घरात त्याची चौकशी लगेच झाली.

महिनाअखेरीला हात आखडला, तर पहिलं रिचार्ज पेटीचं, दुसरं आजोबांचं. स्मार्टफोनचं थांबू शकतं. सूनबाईंचं नेट संपलं तर नवऱ्याच्या हॉटस्पॉटवर भागतं, त्याचं संपलं तर त्यांच्या. पेटीला हॉटस्पॉट चालत नाही.