उजवी मांडी आणि वहीतला रकाना

मोजपट्टी आधी डाव्या मांडीभोवती फिरते आणि मग उजव्या मांडीभोवती. गुडघ्याच्या वाटीपासून सारखेच अंतर धरून दोन्हीकडे पेनाने खूण केलेली आहे, तरीही उजवीकडे पट्टीचे टोक लवकर जुळते. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडून या काकांना अर्धांगवायू झाला, त्याला आता आठ महिने झाले आहेत. फिजिओथेरपिस्ट ताई वहीत दोन्ही मांड्यांचे आणि दंडांचे आकडे लिहून घेतात. वहीत पोटाच्या घेराचा रकाना नाही.

इन्सुलिनच्या इशाऱ्यावर रक्तातील साखर उचलणारा शरीरातला सर्वांत मोठा साठा म्हणजे हे स्नायू. स्नायूच्या पेशीत ग्लुट-४ नावाची प्रथिने दडलेली असतात. इन्सुलिनचा निरोप पोहोचला की ती पेशीच्या कडेला येतात आणि साखरेला आत घेतात. पक्षाघातानंतर दुबळ्या बाजूचा स्नायू नुसता बारीक होत नाही, तर त्यात चरबी शिरते आणि दीर्घकाळ दमाने काम करणारे त्याचे तंतू कमी होतात. त्यातच दिवस खुर्चीत जातो, वजन वाढते आणि इन्सुलिनचा निरोप पेशीला नीट ऐकू येईनासा होतो. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडत राहते. त्या जोरावर उपाशीपोटीची साखर कित्येक वर्षे ठीक दिसू शकते, आणि घरातले सगळे निर्धास्त राहतात.

काका लठ्ठ दिसत नाहीत, आणि नेमके हेच आपल्याकडे फसवे ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के होती. म्हणूनच भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला, की तो धोक्याचा मानतात. वजनकाटा हे सांगत नाही. शिंप्याची साधी पट्टी सांगते.

आता ट्रेडमिल सुरू झाली आहे. छातीभोवती आधाराचा पट्टा आहे, डावा हात दांड्यावर आहे, आणि वेग इतका कमी की प्रत्येक पाऊल वेगळे मोजता यावे. उजव्या बुटाकडे पाहा: पाऊल पुढे घेताना बोटे आधी घासतात, त्यामुळे बुटाचे टोक झिजून पांढरे पडले आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पक्षाघाताच्या जुन्या रुग्णांना अशाच ट्रेडमिलवर आठवड्यातून तीनदा, सहा महिने चालवण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत चालणाऱ्यांच्या शरीराला तेवढ्याच साखरेसाठी कमी इन्सुलिन पुरू लागले. यामागचे कारण फार सुंदर आहे, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही ग्लुट-४ला कडेला आणतो. चाल सुधारावी म्हणून दिलेला व्यायाम रक्तापर्यंत पोहोचतो तो असा.

औषधाचा मार्गही तपासला गेला आहे. मधुमेह नसलेल्या, पण इन्सुलिनला दाद न देणाऱ्या ३,८७६ रुग्णांवरील २०१६ च्या चाचणीत पायोग्लिटाझोनमुळे पुन्हा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण ११.८ वरून ९ टक्क्यांवर आले. मात्र वजन, सूज आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

बारा मिनिटे झाली. ताई पट्टा सोडवून काकांना खुर्चीत बसवतात, काकू पाण्याचा पेला त्यांच्या उजव्या हाताजवळ धरतात. टेबलावर ताई वहीच्या पानावर पट्टीने एक उभी रेघ ओढतात आणि नव्या रकान्यावर लिहितात: पोट.