सातवा पहिला दिवस

(दृश्य : स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली दिनदर्शिका. पान नोव्हेंबरचे.)

ही दिनदर्शिका नागपुरात, महाल नावाच्या भागातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असते. तिच्या चौकटींत दुधाचा हिशेब, सिलिंडर आल्याची तारीख आणि भांडेवाल्या बाईंचे खाडे लिहिलेले आहेत, आणि या सगळ्याच्या अधेमधे हिरव्या शाईने माझे वजन आहे. ज्या चौकटीत ‘प. दि.’ असे लिहिले आहे तो पहिला दिवस, म्हणजे भात, पोळी, साखर, बटाटा आणि साबुदाणा यांना रजा देऊन मी कमी कर्बोदकांचा आहार, ज्याला आता घरोघरी ‘लो कार्ब’ म्हणतात, तो सुरू केला तो दिवस. जानेवारीपासून पाने उलटत आलात तर असे सहा पहिले दिवस सापडतात. आज चित्रीकरणाला सुरुवात होत आहे आणि मी सातवा लिहीत आहे.

कारण साधे होते. मागच्या डिसेंबरात तपासणी केली तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) ६.२ टक्के आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा मानतात, आणि आमच्या माहेरी तो उंबरठा बहुतेकांनी पन्नाशीच्या आतच ओलांडलेला आहे. १ जानेवारीला वजन ८१.४ किलो भरले आणि ८ तारखेला ७९.२. संक्रांतीला गुळाच्या पोळीने घात केला. पुढचा पहिला दिवस १ फेब्रुवारीला उजाडला, तो होळीच्या पुरणापर्यंत टिकला. तिसरा २ मे रोजी, चौथा आषाढीनंतर, पाचवा पोळ्याच्या आधी आणि सहावा दसरा आटोपल्यावर. दिवाळीच्या फराळाने तोही संपवला.

दर वेळी पहिल्या आठवड्यात दोन किलोंच्या आसपास वजन उतरले. सहा वेळांची ही घट नुसती कागदावर मांडली तर बारा किलो भरते. प्रत्यक्षात आज सकाळी काट्याने ८०.६ दाखवले आहे. उरलेले अकरा किलो गेले कुठे आणि आले कुठून, याचा शोध हाच खरे तर या चित्रफितीचा विषय आहे.

(दृश्य : वजनकाटा. त्यावर पाण्याने भरलेला दोन लिटरचा तांब्या.)

आपण खाल्लेल्या भात-पोळीची साखर होते आणि त्यातली काही शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. हा साठा कोरडा नसतो, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके तोडली की शरीर आधी ही कोठी रिकामी करते आणि त्याबरोबर ते पाणीही निघून जाते. शिवाय इन्शुलिनची पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडे जास्त मीठ बाहेर टाकतात, आणि मिठामागे आणखी पाणी जाते. काट्यावर ठेवलेला हा तांब्या म्हणजे माझ्या पहिल्या आठवड्याचा पराक्रम होय. चरबी त्यात होती, पण थोडी.

हे गणित उलट्या बाजूनेही तितकेच चोख चालते, आणि ते मला कोणी सांगितले नव्हते. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या दिवशी जेवले आणि दोन दिवसांनी काट्यावर उभी राहिले तर १.८ किलो वाढ. एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा खाव्या लागतात. म्हणजे ती वाढ चरबीची असती तर मी दोन दिवसांत जवळपास १४,००० कॅलरी जादा रिचवल्या असे होईल. तुपासह एक पुरणपोळी ३०० कॅलरींची धरली तर त्या ४६ पुरणपोळ्या होतात, आणि मी खाल्ल्या होत्या तीन. कोठी पुन्हा भरली होती आणि पाणी परतले होते, इतकेच. पण त्या सकाळी मला दिसले ते एवढेच की तीन आठवड्यांची मेहनत मातीत गेली. मग मी कोजागरीपर्यंत, दिवाळीपर्यंत, पुढच्या एखाद्या सोमवारपर्यंत सगळे सोडून द्यायला मोकळी झाले.

तो दिवस जरा थांबून दाखवण्यासारखा आहे.

(दृश्य : त्या दिवसाची हौशी चित्रफीत. महालक्ष्म्यांपुढे वाढलेली पाने.)

विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, भजी, वडे आणि ज्वारीची आंबील लागते. पोळा, तान्हा पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या हे सगळे पंधरवड्याच्या आत येऊन जातात, म्हणजे पोळ्याच्या आधी सुरू केलेल्या पथ्याला पाय रोवायलाही जागा मिळत नाही. चित्रफितीत मी पहाटेपासून पुरण घोटते आहे. हरभऱ्याची डाळ शिजली की नाही ते बोटाने पाहायचे, गूळ किती घालायचा ते जिभेने पाहायचे नाही, कारण नैवेद्य आधी चाखत नाहीत. त्यामुळे दुपारी दीड वाजेपर्यंत माझे पथ्य देवीच्याच कृपेने टिकले होते. पंगत बसली तेव्हा मी माझ्या पानात चार भाज्या, कढी आणि कोशिंबीर घेतली. सासूबाई वाढता वाढता थांबल्या.

‘‘काहून, पोळी नाही घेऊन राहिली?’’

‘‘आई, माझं ते सुरू आहे ना.’’

‘‘त्याले काय होते एका पोळीनं? प्रसाद आहे तो. घे.’’

एका पोळीने खरोखरच काही होत नव्हते, त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. पहिली पोळी मी त्यांच्या आग्रहाने खाल्ली. दुसरी आणि तिसरी मात्र कोणी वाढली नव्हती. ती मीच घेतली, कारण आता मोडलेच आहे तर मोडलेच, असा कौल माझ्या मनाने पहिल्या घासालाच देऊन टाकला होता. त्या रात्री फ्रिजमधली संत्रा बर्फीसुद्धा मीच संपवली, आणि ती प्रसाद नव्हती.

या वागण्याचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ मध्ये काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव तपासायच्या निमित्ताने त्यांच्यापुढे आइस्क्रीम ठेवले. ज्या एरवी मोकळेपणाने खात होत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, आणि ज्या खाण्यावर सतत लगाम ठेवत होत्या त्यांनी उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की आजच्या दिवसापुरता तो उरतच नाही, असा हा हिशेब आहे. सोमवारचीही गोष्ट तशीच. दाय, मिल्कमन आणि रीस यांनी २०१४ मध्ये दाखवले की ‘डाएट’ या शब्दाचा इंटरनेटवरचा शोध आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला वाढतो. कोऱ्या पानावर मागच्या चुका दिसत नाहीत, म्हणून माणसाला कोरे पान आवडते. माझ्या बाबतीत त्या पानावर आठ दिवसांत दोन किलोंचे बक्षीसही ठेवलेले असायचे. पथ्याची नव्हे, मला पथ्य सुरू करण्याची चटक लागली होती.

(दृश्य : सकाळचे सात. रस्त्याकडेची पोह्यांची गाडी, तर्रीचे पातेले.)

नागपुरात राहून हा आहार सांभाळणे वाटते तितके अवघड नाही आणि वाटते तितके सोपेही नाही. सावजीचे मटण पथ्यात बसते, तेलाचा तवंग सोसत असेल तर. त्याच्याबरोबरचा रोट्यांचा ढीग बसत नाही. पाटवडी बेसनाची, म्हणून लोक ती निर्धास्त खातात, पण डाळीतही कर्बोदके असतातच. सगळ्यात जास्त फसवते ती ज्वारीची भाकरी. ती तंतुमय आहे, पोटाला बरी आहे, हे सगळे खरे. तरी १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. मी तिसऱ्या खेपेला पोळी सोडून तीन-तीन भाकऱ्या खात होते आणि काटा हलत का नाही म्हणून काट्याचे सेल बदलत होते. तर्री पोह्यांच्या एका प्लेटला ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर तर्रीतले चणे वगळूनही ४५ ग्रॅमच्या आसपास जातात. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहणे याला साधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, आणि कीटोवाले तर २० ते ५० ग्रॅमवर येतात. २,००० कॅलरींच्या आहारातल्या ६० टक्के कॅलरी कर्बोदकांतून येत असतील, आणि आपल्याकडे येतातच, तर ती ३०० ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नसावा असे म्हटले आहे. तेवढे पाळायचे म्हटले तरी आमच्या ताटाची मांडणी बदलावी लागते.

इथे एक गल्लत नेहमी होते. दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत संपवा, ही पद्धत मुळात नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांची, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांतून ती महाराष्ट्रभर गेली. ती किती वेळा खावे हे सांगते, पानातल्या भाताला हद्दपार करत नाही. आमच्या शेजारच्या काकू दोन्ही पद्धती एकत्र करतात, सोयीने आलटून पालटून मोडतात, आणि कोणती मोडली हे विचारले तर दुसरी सांगतात.

तसे पाहिले तर पुन:पुन्हा प्रयत्न करणारी माणसे या आहाराच्या जन्मापासूनच आहेत. लंडनचे विल्यम बँटिंग हे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ. कमी पिष्ट आणि कमी साखरेचा आहार लोकांपुढे नेणारी त्यांची पुस्तिका १८६३ मध्ये निघाली, पण त्याआधी कित्येक वर्षे ते वजनापायी नाना उपाय करून थकले होते. सकाळी नाव वल्हवण्याचा व्यायाम त्यांनी केला, तर भूकच वाढली.

(दृश्य : मे महिना. दुपारचा रिकामा रस्ता.)

२ मेचा पहिला दिवस मी निवडला यात माझी अक्कल दिसते. पारा ४५ अंशांच्या पुढे, त्यात पथ्यामुळे मीठ-पाणी नेहमीपेक्षा जास्त जात होते. तिसऱ्या दिवशी डोके फुटायला आले, पाय गळून गेले. सासूबाईंनी ऊन लागले म्हणून माझ्या पर्समध्ये कांदा ठेवला आणि पन्हे पुढे केले. पन्ह्यात साखर म्हणून मी ते परत केले. शेवटी मीठ घातलेल्या ताकाचे दोन तांबे आणि एक दुपारची झोप यांनी भागले.

माझ्या धाकट्या भावाचे मात्र ताकावर भागले नसते. त्याला मधुमेहाची गोळी सुरू आहे, इन्शुलिन वाढवणारी. पहिल्यांदा त्याने पथ्य धरले तेव्हा डॉक्टरांनी डोस कमी करून दिला होता. पथ्य सुटल्यावर साखर चढली आणि डोस पुन्हा पूर्वीचा झाला. दुसऱ्यांदा माझ्या नादाने तो डॉक्टरांना न विचारताच सुरू झाला, गोळी पूर्ण आणि ताटात भात नाही अशा अवस्थेत. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, आणि घरच्या यंत्रावर साखर ५८ दिसली. सत्तरच्या खाली धोका असतो. त्याच्या बायकोने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो, रक्तदाबाच्या गोळ्यांचाही डोस बदलावा लागू शकतो, आणि ज्यांच्या गोळीचे नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपते त्यांच्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा प्रकार घडू शकतो. म्हणून मागच्या वेळी विचारले होते, हे उत्तर प्रत्येक नव्या पहिल्या दिवशी अपुरे पडते.

(दृश्य : धंतोलीतला एक दवाखाना. टेबलावर दिनदर्शिकेची पाने.)

सातव्या खेपेला मी दिनदर्शिकाच उचलून आहारतज्ज्ञ बाईंकडे नेली. त्यांनी वजनाचे आकडे पाहिले नाहीत. पथ्य मोडले त्या तारखेपासून पुढच्या ‘प. दि.’पर्यंत त्यांनी पेन्सिलीने दिवस मोजले. संक्रांत ते १ फेब्रुवारी, १८ दिवस. होळीनंतर दीड महिन्याहून जास्त. महालक्ष्म्यांनंतर तीन आठवड्यांच्या वर. ‘‘ताई, तुमचं वजन पुरणपोळीनं वाढत नाही आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘या मधल्या दिवसांनी वाढून राहिलं.’’ त्यांनी दिवसाला १०० ते १२० ग्रॅमची मर्यादा घातली, त्यात दुपारची अर्धी भाकरी ठेवली आणि एकही पदार्थ कायमचा बंद केला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर पाहिले होते. कमी कर्बोदकांच्या गटात सरासरी ६ किलो घट झाली आणि कमी स्निग्धाच्या गटात ५.३, म्हणजे फरक नगण्य. हे ऐकून मी जरा खट्टू झाले, कारण मी एका मोठ्या पक्षाची सभासद आहे अशी माझी समजूत होती.

पहिल्या आठवड्यात या वेळी सव्वा किलोच उतरले. कंटाळवाणे होते ते. डिसेंबरात हुरडा झाला, जानेवारीत पुन्हा गुळाची पोळी, आणि रात्रीच्या जेवणाला पालकाची भाजी, दोन अंडी, ताक. एप्रिलमध्ये भाच्याच्या लग्नामुळे चार दिवस गेले. तेवढे एकदाच.

(दृश्य : दिनदर्शिका. पान सप्टेंबरचे.)

यंदाच्या नैवेद्याला मी दोन पोळ्या घेतल्या. सासूबाईंनी तिसरी वाढायला हात पुढे केला, माझ्या पानाकडे पाहिले आणि ती यांच्या पानात घातली. दोन दिवसांनी वजन ७७.३ भरले, नैवेद्याच्या आदल्या दिवशी ते ७५.९ होते. तीन महिन्यांची साखर गेल्या महिन्यात ५.८ आली. नैवेद्याच्या दुसऱ्या दिवसाची ही चौकट जवळून दाखवत आहोत. तिच्यात दूध दीड लिटर लिहिले आहे, भांडेवाल्या बाईंचा खाडा आहे, आणि हिरव्या शाईने काहीच लिहिलेले नाही.