मॅक्सकाकांचं कुरण

बालमित्रांनो, नमस्कार. वरून पाऊस कोसळतोय, पायाखाली नुसता चिखल, आणि तरीही चार लाख माणसं गाणं ऐकायला बसून आहेत. असं खरंच घडलंय! अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी, १५ ऑगस्ट १९६९ पासून. त्या संगीत महोत्सवाचं नाव वुडस्टॉक.

तेव्हा अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती. तरुण मुलांना सक्तीनं सैन्यात नेत. कितीतरी मुलं म्हणाली, आम्हाला हे युद्ध नको. त्यांतल्या काहींनी केस वाढवले, रंगीबेरंगी कपडे घातले, डोक्यात फुलं माळली. लोक त्यांना हिप्पी म्हणत. त्यांच्यातले बरेच जण नशेच्या नादी लागले, हेही मला तुमच्यापासून लपवायचं नाही. त्यात अनेकांचं फार नुकसान झालं.

एवढ्या गर्दीला जागा कुणी दिली? मॅक्स यासगर या दूधवाल्या शेतकऱ्यानं. ते स्वतः हिप्पी नव्हते. गावात पाट्या लागल्या, ‘याचं दूध घेऊ नका’. मॅक्सकाका चिडले आणि म्हणाले, आता तर देणारच! भाडं घेतलं त्यांनी, पण गर्दीला दूध-पाणी फुकट दिलं.

कुंपण वेळेत उभं राहिलं नाही, त्यामुळे तिकीट नसलेलेही आत आले. खाणं संपलं. मग आसपासच्या गावकऱ्यांनी घरून सँडविच करून पाठवली. हिप्पींच्या एका गटानं कागदी पेल्यांत भाजलेले ओट्स भरून हातोहात वाटले.

पहिल्याच रात्री पंडित रविशंकर सतार घेऊन बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. आडनाव ऐकून कान टवकारलेत ना? तेव्हाही पाऊस पडत होता. तुमच्यापैकी जे तबला शिकतात त्यांना ठाऊक आहे, दमट हवेत शाई-पुडीचा, म्हणजे तबल्यावरच्या कातड्याचा, स्वर कसा उतरतो ते. तरीही ते वाजवत राहिले. समोरची नशा मात्र पंडितजींना मुळीच आवडली नाही. संगीत त्यांच्यासाठी पूजा होती.

रविवारी मॅक्सकाकांना मंचावर बोलावलं. चष्मा लावलेला साधा माणूस माइकसमोर उभा राहिला. ‘मी शेतकरी आहे,’ ते म्हणाले. वीस जणांपुढेही आपल्याला बोलता येत नाही, मग एवढ्या गर्दीपुढे काय बोलणार, असं त्यांनी सांगितलं. आणि चिखलानं माखलेल्या त्या लाखो पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.