खुब्याची कळ

[दृश्य : वेंगुर्ले तालुक्यातली एक वाडी. पाणंद, जांभ्याच्या पायऱ्या.]

दुखणं खुब्याचं असतं आणि माणूस गुडघ्याला तेल चोळत राहतो. कोकण किनाऱ्यावर फिरताना हे आम्हाला पुन्हा पुन्हा दिसलं. या वाडीतल्या काकींचं दुखणंही असंच सुरू झालं, लावणीच्या दिवसांत. दिवसभर चिखलात वाकून तरवा लावायचा, एकेक पाऊल उपसून मागे टाकायचं. संध्याकाळी डाव्या गुडघ्याच्या वर ठणका लागायचा.

आधी निगडीच्या पाल्याचा शेक झाला, एरंडाचं पान गरम करून बांधून झालं, मग हाडवैद्याचं तेल. तालुक्याला गुडघ्याचा एक्स-रे काढला, तर वयाच्या मानाने गुडघा बरा निघाला. दुखायच्या गोळ्या मात्र तेव्हा सुरू झाल्या त्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या. कधी मणक्याचा फोटो, कधी कमरेचा पट्टा. चाकरमानी मुलगा मे महिन्यात मुंबईला घेऊन गेला, तिथेही कमरेचेच व्यायाम मिळाले. तोवर एसटीची पहिली पायरी चढताना मागून कुणीतरी आधार द्यावा लागू लागला होता.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी. हा सांधा स्नायूंच्या इतका आत असतो की सुजला तरी वरून दिसत नाही. त्याला संवेदना देणाऱ्या काही नसा गुडघ्यालाही जातात. त्यामुळे कळ जांघेत उठते, मांडीच्या पुढून उतरते आणि गुडघ्यात जाणवते. त्यात आपल्याकडे गुडघे झिजलेले लोक भरपूर, खुबा झिजलेले त्या मानाने कमी. साहजिकच डॉक्टरांची नजरही आधी गुडघ्यावर जाते.

आणखी एक गोष्ट आहे. भरल्या दवाखान्यात, परक्या माणसासमोर, जांघेवर बोट ठेवून 'इथे दुखतं' म्हणणं काकींच्या पिढीतल्या बाईला फार जड जातं. त्या हात कमरेवर ठेवत राहिल्या. त्यांना कोण दोष देणार? इतक्या वर्षांत त्यांना झोपवून, पाय फिरवून कुणी पाहिलाच नव्हता, आणि आम्हाला खरा राग येतो तो याचा.

[दृश्य : तपासणीची खोली.]

शेवटी एका तरुण डॉक्टर बाईंनी पाहिला. काकींना उताणं झोपवलं. गुडघा दुमडून पाऊल हळूहळू बाहेरच्या बाजूला नेलं. उजवा पाय सहज वळला. डावा मध्येच अडला आणि काकींनी पलंगाची कड घट्ट धरली. "कंबर नाय ओ, हयसून कळ येता," म्हणत त्यांचं बोट आपोआप जांघेवर गेलं. सांधा झिजू लागला की मांडी आत वळवणारी ही हालचाल सहसा सगळ्यांत आधी कमी होते. पुढचा एक्स-रे खुब्यांचा निघाला. डाव्या बाजूला गोळा आणि वाटी यांच्यातली फट जवळजवळ मिटलेली होती.

तरुणांच्या खुब्याचं दुखणं बऱ्याचदा वेगळं असतं. रक्तपुरवठा तुटतो आणि गोळ्याचं हाड मरू लागतं. बराच काळ घेतलेली स्टेरॉईडं आणि दारू ही त्यामागची दोन मोठी कारणं. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये मात्र दिसतं. सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची आम्हाला भीती वाटते ती यामुळेच. त्यात काय मिसळलंय, घेणाऱ्याला कळत नाही.

काकींच्या हातातली काठी पाहा. त्या ती डाव्या, दुखऱ्या बाजूलाच धरायच्या. बहुतेक जण तसंच धरतात. डॉक्टर बाईंनी ती उजव्या हातात दिली. एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीच ते तीन पट भार येतो. काठी विरुद्ध हातात असली की तो बराच उतरतो. त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात काकी कमी लचकत चालल्या.

सांधा बदलण्याचा सल्ला त्यांना मिळालाय. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून धातूचा लहान गोळा आणि प्लास्टिकची वाटी वापरली. आजची शस्त्रक्रिया त्याच मुळावर वाढली आहे. २०१९ साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, बदललेल्या शंभर खुब्यांपैकी सुमारे ५८ खुबे पंचवीस वर्षं टिकतात.

सिंधुदुर्गातल्या अनेकांसारखं काकींनाही या शस्त्रक्रियेसाठी गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायचं आहे. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "मगे माका आडाळ्यार बसाक गावतला?" आडाळा म्हणजे विळी. मासे कापायचे, नारळ खवायचा, सगळं तिच्यावर, जमिनीवर बसून. नाही, इतकं खाली बसायचं नाही, असं उत्तर मिळालं. सुतार आता आडाळ्यासाठी उंच बाकडं करतोय, न्हाणीघराशेजारी कमोड बसतोय. भातकापणी आटोपली की सून रजा काढून येणार आहे, त्यानंतरची तारीख त्यांनी मागितली आहे.