पाहुणचार जरा आवरा
(मांजर दत्तक घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या नागपूरकरांपुढे एका पशुवैद्यक बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी मांजर यायचं आहे आणि काहींच्या घरी येऊन दिवाणाखाली बसलंय. माझ्याकडे फोन येतात ते या दुसऱ्या गटाचे. "डॉक्टर, बाहेरच येत नाही जी ते." मागे टीव्ही चालू असतो, कुकरची शिट्टी होते आणि कुणीतरी विचारत असतं, "कुठं आहे? दाखवा ना." मी विचारते, आत्ता घरात किती माणसं आहेत? "नाही, घरचेच. वरच्या मजल्यावरचे आलेत फक्त, पाहायला. आणि आत्याची मुलं."

आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय पाहुणचार झाला असं कुणालाच वाटत नाही. ताटावरून उठणाऱ्याला "थोडं तर घ्या" म्हणणारी माणसं आपण. माणसांच्या बाबतीत ते शोभतं. बुजऱ्या मांजराच्या बाबतीत तो आग्रहच आड येतो. त्याला जवळ घेणं, कुरवाळणं, दिवाणाखालून ओढून काढून मांडीवर बसवणं, हे सगळं आपण मायेपोटी करतो. त्याला मात्र त्यातून एकच कळतं: इथे लपलं तरी पकडतात.

असं का होतं, ते थोडं मागे जाऊन पाहू. कुत्रा माणसासोबत शिकारीला फिरला. मांजर आलं ते धान्याच्या कोठारातल्या उंदरांसाठी. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर आले आणि उंदरांमागे तिथली रानमांजरं आली. सायप्रस बेटावर साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, त्यात माणसाशेजारीच मांजर पुरलेलं होतं. म्हणजे दोस्ती जुनी आहे, पण ती जागेवरून सुरू झालेली दोस्ती आहे. इतवारीत धान्याच्या दुकानात पोत्यावर झोपलेलं मांजर पाहा. त्याला मालक बदलल्याचं फारसं दुःख होणार नाही, दुकान बदलल्याचं होईल. कारण त्या दुकानाच्या प्रत्येक कोपऱ्याला त्याने गाल घासलेले असतात. मांजराच्या गालांत, हनुवटीखाली आणि पंजांत गंधग्रंथी असतात. ज्या जागेला आपला वास आहे ती आपली, बाकी सगळा परका मुलूख. तुमच्या घरात ते येतं तेव्हा तिथे त्याच्या वासाचा एकही कोपरा नसतो. भिंतीला फिनाईलचा वास, गादीला तुमचा आणि स्वयंपाकघरातून सावजीच्या फोडणीचा.

म्हणून पहिलं काम, एक खोली. अख्खं घर देऊ नका. "बिचाऱ्याला कोंडून कसं ठेवायचं" असं मला नेहमी ऐकवलं जातं. कोंडणं नाही ते. लहान जागा लवकर ओळखीची होते. फक्त खोली निवडताना डोकं वापरा. पुस्तकांत लिहिलेलं असतं, कमी वापरातली खोली द्या. आपल्याकडे कमी वापरातली खोली म्हणजे बहुतेक वेळा गच्चीला लागून असलेली, वरून स्लॅब तापणारी. नवतपात, म्हणजे मेच्या शेवटच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तिथे माणूस पाच मिनिटं उभा राहू शकत नाही. खालच्या मजल्यावरची, सावलीच्या बाजूची खोली घ्या.

आता कूलर. यावर जरा थांबते, कारण नागपुरात मांजर हरवण्याचं एक मोठं कारण हेच आहे. खिडकीत कूलर बसवला की बाजूला सांध राहते. ती आपण थर्माकोलने किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याने बुजवतो. माणसाला ती भिंत वाटते. घाबरलेल्या मांजराला तो दरवाजा असतो. डोकं गेलं की मागचं अंग ते काढून घेतं, आणि पुठ्ठा तर ते नुसत्या पंजाने पाडतं. मांजर आणण्याच्या आदल्या दिवशी तिथे प्लायवूड नाहीतर जाळी ठोकून घ्या. मनीषनगर, बेसा भागात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी बाल्कनीलाही जाळी लावावी. मांजर उंचावरून पडलं तरी त्याला काही होत नाही हा गैरसमज आहे. जबडे फुटलेली, छातीला मार बसलेली मांजरं आमच्याकडे येतात.

कूलरचा दुसरा भाग आवाजाचा. आपला कान साधारण 20 किलोहर्ट्झपाशी थांबतो, मांजराचा 60 च्याही पुढे ऐकतो. पंपाची किणकिण, पंख्याची घरघर आपल्याला दोन दिवसांत ऐकू येईनाशी होते. त्याला ती नवीन असते, आणि अचानक सुरू झाली की जास्तच. पहिले काही दिवस कूलर कमी वेगावर ठेवा, लपायची जागा त्याच्या थेट झोतात नको.

लपायची जागा म्हटलं की लोक पैसे खर्च करायला निघतात. नको. किराण्याचं पुठ्ठ्याचं खोकं आणा, एका बाजूला मांजर जाईल एवढं भोक पाडा, आत जुनं सुती कापड घाला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी 2014 मध्ये हे तपासून पाहिलं. निवारागृहात नव्याने आलेली 19 मांजरं, त्यातल्या 10 ना लपायला खोकं दिलं, 9 ना दिलं नाही. खोकंवाल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्ट उतरला, बाकीच्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे लपू दिलं तर मांजर लपूनच राहील ही भीती उलटी आहे. लपायची खात्री असली की ते बाहेर यायचं धाडस करतं. एक खोकं जमिनीवर, एक उंचावर, आलमारीच्या वर. उंचावरून खोली न्याहाळणारं मांजर दिवाणाखालच्यापेक्षा लवकर निवळतं, हे मी बरेचदा पाहिलंय. दिवाणाखालची जागा मात्र आधीच बंद करा. तिथे तुम्ही त्याला पाहू शकत नाही आणि औषध द्यायची वेळ आली तर झटापट होते.

मग आपण करायचं काय? खोलीत जायचं, जमिनीवर बसायचं, आपलं काम करायचं. पेपर वाचा, भाजी निवडा. त्याच्याकडे टक लावून पाहू नका, मांजरांच्या जगात ते भांडणाचं निमंत्रण असतं. नजरानजर झालीच तर डोळे हळूच अर्धवट मिटा, क्षणभर मिटलेले ठेवा, उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की माणसाने असे सावकाश डोळे मिटले तर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाने तसं केलं तरी त्याच्याकडे जास्त येतात. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीला आपण लबाड ठरवलं, पण इथे डोळे मिटणं विश्वासाचं आहे. ते जवळ आलं तर बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि थांबा. गाल घासला तर गालालाच खाजवा. पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवायची घाई नको. शेपूट आपटायला लागली, कान मागे वळले, पाठीची कातडी थरथरली की हात काढून घ्यायचा. चावेपर्यंत वाट पाहायची नाही.

आणि चावलंच, तर हळद लावून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा. मांजराचे दात बारीक असतात, जखम वरून छोटी दिसते आणि आत खोल जाते. रेबीज मांजरामुळेही होतो.

खाण्याचं थोडक्यात सांगते. आधी जिथे होतं तिथे जे खात होतं तेच पहिला आठवडा द्या, चांगलं नसलं तरी. मग हळूहळू बदला. दूध-पोळीवर मांजर जगत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि टॉरिन नावाचा घटक त्यांना मांसातूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. घरात मांस चालत नसेल तर मांजरांचं तयार खाद्य आणा. बुजरं मांजर पहिल्या दिवशी खात नाही, रात्री सगळे झोपल्यावर खातं. सकाळी वाटी पाहा. पण मोठ्या मांजराने सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर लाजतंय म्हणून सोडून देऊ नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातून जीव जाऊ शकतो. पिल्लू असेल तर एक दिवसही थांबू नका. आणखी एक: बोका वारंवार रेतीत जाऊन जोर करतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना. ताणामुळे हे होऊ शकतं, आणि नव्या घरात ताण असतोच.

रेतीचा डबा वाटीपासून लांब, कोपऱ्यात. रस्त्यावरच्या मांजराला सुवासिक दाणे आवडतीलच असं नाही. बांधकामाची साधी रेती चाळून दिली तर ते लगेच ओळखतं. आणि घरात संत्री सोलली की सालं त्या डब्याजवळच्या कचऱ्यात टाकू नका. आपल्याला नागपूरचा अभिमान, त्याला तो वास सहन होत नाही. काळं फिनाईल आणि डेटॉल तर त्या खोलीत नकोच. पायाला लागलेलं ते चाटतं, आणि मांजराचं यकृत अशी रसायनं नीट मोडू शकत नाही. पॅरासिटामॉलचंही तेच. माणसाची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

काही प्रश्न आले आहेत.

एका काकूंनी विचारलंय, घरात आधीची भाटी, म्हणजे मादी मांजर, आहे, दोघींची भेट कधी घालून द्यायची? भेट शेवटी, आधी वास. एकीच्या गालांवरून फिरवलेलं फडकं दुसरीच्या वाटीखाली ठेवा, आणि उलट. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी जेवण. दोघी शांतपणे खायला लागल्या की दार बोटभर उघडा. घाई केली आणि एकदा रक्त निघालं तर पुन्हा सुरुवातीपासून.

दुसरा प्रश्न, महिना झाला तरी हात लावू देत नाही, बिघडलंय का? पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांचा हात लागला नसेल तर मोठेपणी फार वेळ लागतो. काही मांजरं कधीच मांडीवर येत नाहीत. ती तुमच्यासमोर पोटावर झोपतात, तुम्ही आलात तर उठून जात नाहीत, एवढंच करतात. मला ते पुरेसं वाटतं. अगदी रानटी वाढलेलं, जाळीवर अंग आपटणारं मोठं मांजर असेल तर त्याला घरात आणण्याचा हट्ट मी करत नाही. नसबंदी करून, लस टोचून त्याच्या जागी सोडणं बरं.

आणि हा शेवटचा, मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीचा. महाल भागातून विचारलंय, ढोल-ताशे दारावरून जातात, काय करू? दाराखिडक्या सकाळपासूनच बंद, खोकं सगळ्यात आतल्या भिंतीपाशी, त्यावर चादर. नवीन मांजर शक्यतो पोळ्याच्या आणि दिवाळीच्या आठवड्यात आणूच नका. ते आलेलंच असेल तर त्याची प्रवासाची टोपली पहिल्या दिवसापासून खोलीत उघडी ठेवा, आत खाऊ टाकत जा. म्हणजे आवाजात ते तिच्यात शिरेल, आणि पुढे लसीसाठी आमच्याकडे आणायची वेळ आली की तुम्हाला फक्त झाकण लावावं लागेल. उन्हाळ्यात आणणार असाल तर सकाळी नऊच्या आत या.