लाइन कुणी उठवली?

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘डायल-अप बॅकअपवरील डायनॅमिक राउटिंगचे दोषनिवारण’ असं छापलंय. त्यावर बोलायचंच आहे. पण समोर सगळी राउटरवर रात्री काढलेली मंडळी बसली आहेत, म्हणून बरीच वर्षं मनात असलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. बॅकअपचं, म्हणजे मुख्य लाइन पडली तरच फोन लावून जोडायच्या राखीव लाइनचं, काही बिनसलं की आपण विचारतो, ‘लाइन का लागत नाही?’ माझं म्हणणं असं, की त्याआधी विचारावं, ‘गरज नसताना लागली, ती कुणी लावली?’ गप्प राहणं हे या लाइनचं काम, आणि सतत बोलत राहणं हे राउटिंग प्रोटोकॉलचं, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते ज्या भाषेत सांगतात तिचं. दोघांना एका घरात ठेवलंत की भांडण ठरलेलं.

एका संस्थेचं नेटवर्क मी बघत होतो. मुख्य लाइन लीज्ड, म्हणजे कायम जोडलेली भाड्याची; बॅकअपला आयएसडीएन बीआरआय ही डिजिटल फोनलाइन: डेटासाठी 64 केबीपीएसची दोन बी चॅनेल आणि कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांसाठी 16 चं डी. त्या महिन्यात मुख्य लाइन एकदाही पडली नव्हती. एका दुपारी लेखा विभागातले गृहस्थ आले, हातात टेलिफोनच्या बिलाचा जाड गठ्ठा. ‘साहेब, हा नंबर तुमच्याकडचाच ना?’ मी म्हटलं, नंबर आमचा, पण ती लाइन वापरातच नाही. त्यांनी काही न बोलता गठ्ठा टेबलावर ठेवला आणि गेले.

रात्री मी पट्टी घेऊन एकेक ओळ वाचायला बसलो. प्रत्येक कॉल दोन मिनिटांहून थोडा जास्त. मग काही सेकंद शांतता. मग पुन्हा कॉल. दिवसा, रात्री दोनला, रविवारी, सारखंच.

हे बिल नीट बघा, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. आमच्या राउटरवर आयडल टाइमआउट 120 सेकंद होता. म्हणजे लाइन उठते, सुरुवातीला काहीतरी बोलणं होतं, मग 120 सेकंद कुणीच बोलत नाही आणि लाइन पडते. ओएसपीएफ आणि रिप हे आमचे दोन राउटिंग प्रोटोकॉल. ओएसपीएफचे ‘मी आहे’ सांगणारे हॅलो दर 10 सेकंदांनी जात असते किंवा रिपचे अपडेट दर 30 सेकंदांनी, तर टायमर दर वेळी पुन्हा शून्यावर आला असता आणि कॉल तुटलाच नसता. बिलात एकच लांबलचक कॉल दिसला असता. इथे तसं नव्हतं. लाइन पडली की काही सेकंदांत पुन्हा उठत होती, म्हणजे तिचं पडणं हेच तिच्या उठण्याचं कारण होतं. हे लक्षात आलं तेव्हा मला झोप येईना.

सकाळी पहिलं काम, राउटरवर ‘शो डायलर’ ही कमांड. त्यात डायल रीझन ही ओळ असते; कोणत्या पॅकेटने लाइन उठवली ते राउटर स्वतः लिहून ठेवतो. सोर्स आमचाच राउटर, डेस्टिनेशन 224.0.0.5. हा ओएसपीएफचा ठरलेला पत्ता, म्हणजे ओएसपीएफ. पण ओएसपीएफ डिमांड सर्किट, म्हणजे गरजेपुरतीच उठणाऱ्या लाइनसाठीची सोय, तर लावलेलं होतं! इंटरनेटच्या नियमांच्या मालिकेतलं आरएफसी 1793, 1995 चं. त्यात लाइनवरचे हॅलो बंद होतात, एलएसएवर, म्हणजे नेटवर्कच्या नकाशातल्या नोंदींवर, डू-नॉट-एजचा (‘जुनी होऊ नको’) शिक्का बसतो आणि अर्ध्या तासाचं रिफ्रेशही थांबतं. नेटवर्कच्या रचनेत खरा बदल झाला तरच लाइन उठते.

मग बदलत काय होतं? डेटाबेस पुन्हा पुन्हा काढून बघितला. एक एक्स्टर्नल, म्हणजे ओएसपीएफबाहेरून आलेला, एलएसए येत होता, जात होता. /32 चा, म्हणजे एकाच पत्त्याचा, आणि पत्ता लाइनच्या पलीकडच्या राउटरचा. पीपीपी ही लाइनवरची जोडणी; ती जोडली गेली की समोरच्याचा होस्ट रूट, म्हणजे त्या एका पत्त्याचा रस्ता, आपोआप टेबलात टाकते, तुटली की काढते. आमच्याकडे जुन्या भागात रिप चालू होतं, लाइन ज्या मोठ्या पत्तागटात होती त्याच मेजर नेटवर्कवर, आणि ते ओएसपीएफमध्ये रिडिस्ट्रिब्यूट केलेलं, म्हणजे त्याचे रूट ओएसपीएफला दिलेले. म्हणून तो होस्ट रूट रिपमार्गे ओएसपीएफमध्ये शिरायचा. लाइन पडली की रूट गेला. रूट गेला हा बदल. बदल शेजाऱ्याला कळवायला हवा, म्हणून लाइन उठली. उठली की रूट परत आला. दोन्ही टोकांना इंटरफेसवर ‘नो पीअर नेबर-रूट’ लिहिलं, म्हणजे तो होस्ट रूट टाकणं बंद केलं, रिडिस्ट्रिब्यूशनवर रूट-मॅप ही गाळणी लावली आणि घड्याळ समोर ठेवून बसलो. दोन मिनिटं, पाच, वीस. लाइन गप्प.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. छापलेला विषय भराभर सांगतो.

लाइन उठतच नसेल तर आधी ‘शो आयपी रूट’. मुख्य रूट गेल्यावर डायलरकडे बोट दाखवणारा रूट आहे का? फ्लोटिंग स्टॅटिकचं, म्हणजे हाताने लिहिलेल्या राखीव रूटचं, डिस्टन्स (कमी असेल तो रूट आधी निवडला जातो) तुमच्या प्रोटोकॉलपेक्षा जास्तच हवं: ओएसपीएफ 110, रिप 120, म्हणून 200 वगैरे द्या. मग डायलर-लिस्ट, म्हणजे कोणत्या पॅकेटने लाइन उठावी याची यादी, बघा, आणि मगच चॅपची, म्हणजे दोन राउटर एकमेकांची ओळख पटवतात त्याची, नावं आणि पासवर्ड.

लाइन उठली, पिंग जातं, पण शेजारी दिसत नाही? डायलर मॅपमध्ये, म्हणजे कोणत्या पत्त्यासाठी कोणता नंबर लावायचा त्या ओळीत, ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द लिहायचा राहून गेलेला असतो. त्याशिवाय मल्टिकास्ट, म्हणजे हॅलोसारखं एकदम अनेकांसाठीचं पॅकेट, पलीकडे जातच नाही.

मुख्य इंटरफेस पडला की लाइन उठवणाऱ्या ‘बॅकअप इंटरफेस’वर विसंबणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. आपल्या टोकाची केबल उपटून केलेली चाचणी एकाच बिघाडाची असते. फ्रेम रिलेमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामायिक नेटवर्कमधून जाणाऱ्या लाइनमध्ये, पलीकडचं टोक मेलं तरी आपला इंटरफेस ‘अप’च राहू शकतो, आणि बॅकअप हलत नाही. तिथे डायलर वॉच लावा. तो इंटरफेस न बघता रूट बघतो. मुख्य लाइन परत आल्यावर बॅकअप लगेच सोडू नका, थोडा डिले ठेवा.

शेवटचं. डिमांड सर्किटसाठी एरियातल्या, म्हणजे ओएसपीएफच्या त्या विभागातल्या, प्रत्येक राउटरला ते समजावं लागतं. एखादा जुना राउटर तसा नसेल, तर डू-नॉट-एज तिथे चालत नाही आणि रिफ्रेश पुन्हा सुरू होतं. बिलात साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने छोटे कॉल दिसले, तर आधी तो राउटर शोधा.