कूलरचं रजिस्टर आणि तीन टेबलं

(दृश्य : नंदनवनकडची एक गल्ली. दुकानाबाहेर एकावर एक रचलेले लोखंडी कूलर, एकाच्या टाकीवर ब्रशने नंबर टाकणं सुरू आहे.)

होळी झाली की नागपुरात गच्चीवर झाकून ठेवलेले कूलर खाली उतरतात. ज्यांच्याकडे स्वतःचा कूलर नाही, म्हणजे बजाजनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर अशा भागात रूम करून राहणारी पोरं-पोरी, नवीन बदली होऊन आलेले लोकं, ते सगळे किरायाने कूलर देणाऱ्या दुकानात जातात. हे तसलंच एक दुकान. पूर्ण सीझनचा किराया, वर डिपॉझिट, कूलर घरपोच, आणि मधे पंप बंद पडला तर दुकानाचा माणूस येऊन बदलून देणार. पारा ४५ च्या वर गेला की फोन थांबत नाहीत, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर दुकानाचे मालक काका जेवायलाही दुकानातच बसतात.

(दृश्य : रजिस्टरचं पान, जवळून.)

आता हे पान बघा. "देशमुख, बजाजनगर, मोठा १, डिपॉ. मिळाले." त्याच्या खाली बाण काढून "पंप बदलला". मोबाईल नंबर आधी निळ्या पेनने, मग तो खोडून वर लाल पेनने दुसरा. समासात कोणाचे तरी बाराशे रुपये बाकी असल्याची खूण आहे, पण ती याच देशमुखांची की खालच्या ओळीची ते काकांनाच माहीत. काका म्हणतात, "अजी रजिस्टरात सगळं हाये. फक्त टायमावर सापडत नाई."

आणि टाइम कोणता, तर जूनचा. पाऊस लागला की दोनच प्रश्न असतात. कोणाकोणाकडे आपले कूलर राहिलेत, आणि कोणाचं डिपॉझिट परत द्यायचं आहे. या दोन प्रश्नांसाठी आख्खं रजिस्टर पहिल्या पानापासून चाळावं लागतं.

काकांची पुतणी बी.कॉम.ला आहे. तिने आधी हे सगळं एक्सेलमधे टाकलं होतं, आणि एक्सेलला उगाच शिव्या घालायचं कारण नाही, हिशेबाला ते छानच आहे, एका शीटमधे १०,४८,५७६ ओळी मावतात, एवढे कूलर तर आख्ख्या विदर्भात कोणी किरायाने देत नसेल. अडचण जागेची नव्हतीच. अडचण अशी की देशमुख सर तीन वर्षं कूलर नेतात म्हणजे ते शीटमधे तीनदा आहेत, एकदा "देशमुख", एकदा "देशमूख सर", एकदा "आर. देशमुख बजाजनगर", आणि नंबर बदलला तो एकाच ओळीत बदलला. ९१ लावून मोबाईल टाकला की सेल त्याचा मोठा आकडा समजून मधेच ई आणि प्लस घालून दाखवतो. आणि कूलरचे नंबर काकांच्या पद्धतीने "३-४", "३-५" असे होते, म्हणजे तीन फुटीतला चौथा, पाचवा, तर एक्सेलने त्याच्या सरळ तारखा करून टाकल्या.

हे फक्त नंदनवनमधे घडतं असं समजू नका. माणसाच्या जनुकांना नावं देणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिने २०२० मधे काही जनुकांची नावंच बदलली, कारण 'मार्च-१', 'सेप्ट-१' असली नावं टाकली की स्प्रेडशीट त्यांची तारीख करत होतं. शास्त्रज्ञांनी हात टेकले, आपल्या काकांचं काय घेऊन बसलात.

(दृश्य : जुना कॉम्प्युटर, काळी स्क्रीन.)

तर यावर उपाय डेटाबेस, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टेबलांमधे ठेवलेली माहिती. ही कल्पना जुनी आहे. १९७० मधे आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक पेपर लिहिला, त्यात म्हटलं की माहिती साध्या टेबलांमधे ठेवा आणि टेबलं एकमेकांना आत भरलेल्या माहितीवरूनच जोडा, ती डिस्कवर कुठे कशी पडलीय याची काळजी वापरणाऱ्याने करू नये. घरगुती कॉम्प्युटरवर हे आलं ते डीबेस नावाच्या प्रोग्राममुळे. ते लिहिणारे वेन रॅटलिफ नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमधे होते, आणि सुरुवात झाली ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजा जिंकायच्या नादात! आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास लावला की फॉक्सप्रो हा तसलाच डेटाबेस प्रोग्राम शिकवायचेच, आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी लोकांना ती कमांड विंडो आठवत असेल. १९९२ मधे मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ॲक्सेस हे स्वतःचं डेटाबेस सॉफ्टवेअरही बाजारात आणलं. ओपनऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरमधे बेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर आलं २००५ ला, आणि २०१० मधे त्यातून लिब्रेऑफिस वेगळं झालं तेव्हा बेसही सोबत आलं.

आज सुरुवात करायची तर डेस्कटॉपवर मुख्य पर्याय हेच दोन. ॲक्सेस जास्त गुळगुळीत आहे, पण विकतचं आहे आणि फक्त विंडोजवर चालतं. बेस फुकट आहे, थोडं रुसकं आहे, कधीकधी कॉम्प्युटरवर जावा हे त्याला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसतं. दुकानातला कॉम्प्युटर जुना, पैसे घालायची काकांची तयारी नाही, म्हणून बेस. यात फार विचार करू नका, पुढे जे सांगणार आहे ते दोन्हीकडे सारखंच आहे.

(दृश्य : जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने काढलेले तीन चौकोन.)

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी पुतणीने कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागे लिहायला बसली. माझ्या मते सगळं काम इथेच होतं, नंतरचं नुसतं क्लिक क्लिक आहे. लोकं काय करतात, आधी फॉर्म बनवायला घेतात, रंग देतात, दुकानाचा लोगो लावतात, आणि मग आत माहिती ठेवायला धड जागाच नसते.

तिने काकांना विचारलं, "काका, आपल्या दुकानात वस्तू काय काय आहेत?" काका म्हणाले, "कूलर हायेत, अजून काय." बरं, आणि? "गिऱ्हाईक हायेत." झाली दोन टेबलं. ग्राहकाच्या टेबलात नाव, पत्ता, मोबाईल. कूलरच्या टेबलात टाकीवरचा नंबर, साइज, कधी घेतला. मग ती म्हणाली की देशमुखांनी कुठला कूलर नेला हे कुठे लिहायचं? काका म्हणे ग्राहकाच्या पुढे लिही. पण देशमुख पुढच्या वर्षी दुसरा कूलर नेतात. मग कूलरच्या पुढे लिही. पण तोच कूलर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातो. म्हणजे हे ना ग्राहकाचं आहे ना कूलरचं, हा त्या दोघांमधला व्यवहार आहे, आणि व्यवहाराला स्वतःचं टेबल लागतं. तिसरं टेबल, किराया. त्यात ग्राहक क्रमांक, कूलर क्रमांक, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, डिपॉझिट किती, किराया किती, डिपॉझिट परत केल्याची तारीख.

इथे एक छान वाद झाला. काकांचं म्हणणं, किराया साइजवर ठरतो, मग तो कूलरच्या टेबलात लिही ना, दरवेळी काऊन लिहायचा? ऐकायला बरोबर वाटतं. पण दर दरवर्षी बदलतो, आणि ओळखीच्या माणसाला काका शंभर-दोनशे सोडतातही. कूलरच्या टेबलात दर ठेवला आणि यंदा तो वाढवला, तर मागच्या तीन वर्षांचे हिशेबही वाढलेल्या दराने दिसायला लागतील. त्या दिवशी ठरलेली रक्कम ही त्या व्यवहाराची माहिती आहे, ती व्यवहारासोबतच राहिली पाहिजे. किराणा असो की क्लासची फी, नवीन माणूस हमखास इथेच फसतो.

(दृश्य : कॉम्प्युटरची स्क्रीन. बेस उघडलं आहे.)

आता क्लिक क्लिक. बेस उघडलं की ते विचारतं नवीन डेटाबेस का, हो म्हणायचं, पुढे जायचं, फाइलला नाव द्यायचं. डाव्या बाजूला चार गोष्टी दिसतात, टेबल, क्वेरी (म्हणजे माहितीला विचारायचा प्रश्न), फॉर्म, रिपोर्ट. टेबलवर जाऊन डिझाइन व्ह्यू उघडायचा, एकेका ओळीत फील्डचं, म्हणजे टेबलातल्या रकान्याचं, नाव आणि त्याचा टाइप.

पहिलं फील्ड नेहमी क्रमांक. टाइप इंटीजर म्हणजे पूर्णांक, खाली ऑटोव्हॅल्यू 'येस' म्हणजे क्रमांक आपोआप पडतो, आणि ओळीवर राइट क्लिक करून प्रायमरी की. हे विसरलात तर सेव्ह करताना बेस स्वतः विचारतं की प्रायमरी की बनवू का, आणि तिथे घाईघाईत नाही म्हटलं की टेबल तर बनतं पण त्यात एक ओळ भरता येत नाही, आणि माणूस अर्धा तास डोकं खाजवत बसतो. देशमुख दहा असतील, ग्राहक क्रमांक १७ एकच असेल, एवढंच त्या कीचं काम.

मोबाईलचा टाइप टेक्स्ट. आकडे आहेत म्हणून नंबर करू नका, आपण काही दोन मोबाईलची बेरीज करणार नाही. तारखेला डेटच टाइप द्या, टेक्स्ट दिला तर एक जण "५ मे" लिहील, दुसरा "५/५", आणि मग तारखेप्रमाणे क्रम लागणं विसरा. कूलरचा नंबर टेक्स्ट, म्हणजे "३-४" हे "३-४"च राहतं, कोणी त्याची एप्रिलची तारीख करत नाही.

टेबलांची आणि फील्डची नावं रोमन लिपीत, जागा न सोडता ठेवली तर पुढे क्वेरी लिहिताना त्रास कमी होतो, आत भरायची माहिती मात्र खुशाल मराठीत. फक्त युनिकोड हवं, म्हणजे जे अक्षर दिसतं तेच आत साठवणारी पद्धत. काकांकडे जुनी एक यादी होती, कुठल्याशा डीटीपीवाल्याकडून क्रुतिदेव या जुन्या फॉन्टमधे टाइप करून घेतलेली. त्या फॉन्टमधे पडद्यावर 'क' दिसतो पण आत इंग्रजी 'डी' साठवलेला असतो, म्हणून डेटाबेसमधे पेस्ट केल्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागली.

(दृश्य : रिलेशनशिप विंडो. तीन चौकोन, मधे दोन रेघा.)

मग टूल्समधे जाऊन रिलेशनशिप्स. ग्राहक टेबलातला क्रमांक माउसने धरून किराया टेबलातल्या ग्राहक क्रमांकावर सोडायचा, एक रेघ येते. कूलरचंही तसंच. ही रेघ शोभेची नाहीये. पुतणीने मुद्दाम किरायात ग्राहक क्रमांक ९९९ टाकून बघितला, जो ग्राहक अस्तित्वातच नाही, तर बेसने एरर दिला आणि ओळ घेतलीच नाही. तसंच ज्याच्याकडे अजून कूलर आहे असा ग्राहक डिलीट करायला गेलं तर तेही होत नाही. रजिस्टरने असं कधी कोणाला अडवलंय?

आता जूनचा प्रश्न. क्वेरीमधे डिझाइन व्ह्यू, तिन्ही टेबलं घ्यायची, नाव, मोबाईल, पत्ता, कूलर नंबर ही फील्डं निवडायची, सोबत परतीची तारीख, आणि तिच्या खाली क्रायटेरियनच्या रकान्यात लिहायचं 'इज एम्प्टी'. ॲक्सेसमधे हेच 'इज नल' असतं. म्हणजे परतीची तारीख रिकामी आहे असे सगळे. रन केलं आणि यादी समोर आली. काकांनी चष्मा वर करून नावं वाचली, एका नावावर थांबले आणि म्हणाले, "हा तर नागपूर सोडून गेला ना बे!" त्याला पुतणीपुढे लगेच फोन लागला. काय बोलणं झालं ते आपण इथे दाखवत नाही.

दुसरी क्वेरी डिपॉझिटची, कूलर परत आलाय पण डिपॉझिट परत केल्याची तारीख रिकामी. पहिल्यासारखीच, दोन अटी, बस.

फॉर्म सगळ्यात शेवटी. विझार्डने वर ग्राहक आणि खाली सबफॉर्ममधे त्याचे सगळे व्यवहार असा फॉर्म बनतो, काकांना टेबल वगैरे काही बघावं लागत नाही, देशमुख शोधले की खाली तीन वर्षांचे तीन कूलर दिसतात. रंग आणि लोगो आता लावा काय लावायचे ते.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की असू द्या. बेसची साधी फाइल सेव्ह दाबेपर्यंत सगळं डिस्कवर उतरवतेच असं नाही, आणि मे महिन्यात लाइट जाणं काही नवलाचं नाही. म्हणून दर थोड्या वेळाने सेव्ह, आणि रात्री दुकान बंद करताना फाइलची एक कॉपी पेनड्राइव्हवर, नावात तारीख टाकून, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमधे आपोआप ओळीने लागतात. दोन-तीन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर ही फाइल त्या कामाची नाही, तिथे सर्व्हरवाला डेटाबेस लागतो. काकांकडे एकच कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यापुढची खुर्चीही एकच.

(दृश्य : काका आणि पुतणी स्क्रीनसमोर.)

यादी बघून झाल्यावर काकांनी विचारलं, "बेटा, ते कोणत्या कूलरचा पंप दरवर्षी जळते, ते सांगते का हे?"

नाही सांगत. कारण पंप बदलल्याची नोंद अजून बाणाखाली, रजिस्टरातच आहे. पुतणीने टेबलवर क्लिक केलं, नवीन डिझाइन व्ह्यू उघडला आणि फील्ड टाकायला सुरुवात केली : दुरुस्ती क्रमांक, कूलर क्रमांक, तारीख, काय बदललं, खर्च.